आतड्यातील सूक्ष्मजीव : आहार व औषधे यांच्याशी संबंध

पचनमार्गात, विशेषतः मोठ्या आतड्यात, वस्ती करून असणारे जीवाणू, आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव), बुरशी व विषाणू यांचा समुदाय. २०१६ मधील एका अंदाजानुसार प्रौढ शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी भरतात ३० लाख कोटींच्या आसपास. ‘एका पेशीमागे दहा जीवाणू’ हे अजूनही सर्रास सांगितले जाणारे प्रमाण आता टिकत नाही.

लहान आतड्यात न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचला की जीवाणू तो आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्ले तयार होतात. पैकी ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी पोसल्या जातात. उंदरांच्या आहारातून चोथा काढून टाकला, तर काही जीवाणू अस्तरावरचा बुळबुळीत थरच खाऊ लागतात.

औषधांवरही हेच जीवाणू हात चालवतात. सल्फासॅलझीन हे औषध तर त्यांच्याच भरवशावर दिले जाते: जीवाणूंनी त्यातला ॲझो-बंध (दोन नायट्रोजन अणूंमधला दुवा) तोडला, तरच दाह कमी करणारा भाग मोकळा होतो. इरिनोटेकॅन या कर्करोगावरील औषधाचे उलट होते. यकृताने निष्प्रभ करून पित्तावाटे आतड्यात सोडलेला त्याचा अंश जीवाणू पुन्हा सक्रिय करतात आणि रुग्णाला तीव्र जुलाब होऊ शकतात.

हृदयविकारावरील डिगॉक्सिनचे उदाहरण सर्वांत बोलके. एगर्थेला लेंटा हा जीवाणू त्याचे निष्क्रिय डायहायड्रोडिगॉक्सिन करतो, पण या जातीचे सगळे वाण नव्हे. ज्यांच्याकडे त्यासाठीची जनुके आहेत तेच. म्हणजे विष्ठेत जीवाणू सापडला एवढ्यावरून काही ठरत नाही. शिवाय आर्जिनिन हे ॲमिनो आम्ल मिळाले की ही जनुके मंदावतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, हा जीवाणू सोडलेल्या उंदरांना जास्त प्रथिनांचा आहार दिल्यावर त्यांच्या रक्तातील डिगॉक्सिन वाढले. औषधाची मात्रा तीच, बदलले ते फक्त खाणे. माणसांच्या पथ्यापर्यंत मात्र हा निष्कर्ष अजून ताणू नये.

उलट दिशेनेही परिणाम होतो, आणि तो केवळ प्रतिजैविकांचा नसतो. २०१८ मध्ये हजाराहून अधिक औषधे आतड्यातील ४० वाणांवर तपासली गेली, तेव्हा प्रतिजैविक नसलेल्या व मानवी पेशींवर काम करणाऱ्या औषधांपैकी सुमारे २४ टक्क्यांनी किमान एका वाणाची वाढ रोखली. टाइप-२ मधुमेहींच्या सूक्ष्मजीवांत आढळलेले काही फरक आधी रोगाचे मानले गेले होते. २०१५ मध्ये त्यांतले बरेचसे मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाचे निघाले.