पार्श्वभूमी : एसएमएस गेटवे आणि संदेशांच्या वर्गवारीचा घोळ

एखादी शाळा किंवा पतसंस्था आज एसएमएस गेटवे, म्हणजे एकदम अनेकांना संदेश पाठवण्याची सोय, घ्यायला निघाली, की सर्व्हरचा विषय शेवटी येतो. आधी नोंदणी, मग हेडर (पाठवणाऱ्याचे दिसणारे छोटे नाव), मग टेम्प्लेटची, म्हणजे मजकुराच्या साच्याची मंजुरी.

पूर्वी कॉम्प्युटरला जीएसएम मॉडेम जोडायचा, त्यात सिमकार्ड घालायचे आणि एकेक संदेश सोडायचा, एवढाच गेटवे असे. संख्या वाढली तशी ऑपरेटरच्या संदेश केंद्राशी एसएमपीपी या संदेश-देवाणघेवाणीच्या नियमावलीने थेट जोडणी आली. नंतर अनेक ऑपरेटरांशी जोडून देणारे मधले अ‍ॅग्रिगेटर आले आणि एका एपीआय कॉलमध्ये, म्हणजे संस्थेच्या प्रणालीने केलेल्या एका विनंतीत, काम होऊ लागले. सरकारी खात्यांसाठी केंद्राने स्वतःचा सामायिक गेटवे उभारला. 2013 पासून शेतकऱ्यांना हवामान व पीक सल्ल्याचे संदेश जाऊ लागले.

दरम्यान जाहिरातींचा भडिमार असह्य झाला होता. 2007 ची ‘डू नॉट कॉल’ यादी निष्प्रभ ठरली. डिसेंबर 2010 चे नवे नियम 27 सप्टेंबर 2011 पासून लागू झाले : जाहिराती सकाळी 9 ते रात्री 9 याच वेळेत, आणि साध्या सिमवरून दिवसाला 100 संदेशांची मर्यादा, जी लवकरच 200 झाली. सुरक्षेचे कारणही होतेच. ऑगस्ट 2012 मध्ये अफवांमुळे ईशान्येकडील लोक पुणे-बंगळूर सोडून निघाले, तेव्हा सरकारने घाऊक संदेशांवर पंधरा दिवसांची बंदी घातली.

2018 च्या नियमांनी मात्र गेटवेचे स्वरूपच पालटले. पाठवणारी संस्था, तिचे हेडर आणि मजकुराचा साचा, सगळे डीएलटी या सामायिक नोंदवहीत आधी नोंदवायचे. न जुळणारा संदेश वाटेतच अडवायचा. ही छाननी 8 मार्च 2021 ला सुरू झाली आणि बँकांचे, खरेदीचे, लसीकरण नोंदणीचे ओटीपी अडकले. दुसऱ्याच दिवशी ती सात दिवसांसाठी थांबवावी लागली. दोष तयारी न केलेल्या मोठ्या संस्थांवर ठेवला गेला. तो रास्तच होता, पण वर्गवारीतला गोंधळ त्यामुळे झाकला गेला.

डीएलटीच्या व्यवहारात ‘ट्रान्झॅक्शनल’ म्हणजे फक्त बँक व्यवहाराचा ओटीपी. दुकानाचा ओटीपी, हप्त्याची आठवण, शाळेची सुट्टी हे सगळे ‘सर्व्हिस इम्प्लिसिट’. ग्राहकाची स्पष्ट संमती लागते ते ‘सर्व्हिस एक्स्प्लिसिट’, उरलेले जाहिरातीत. आता शाळेने आपल्याच पालकांना ‘उन्हाळी शिबिराची नोंदणी सुरू’ असे कळवले तर ते कशात बसते? सूचना म्हणावी तर त्यात शुल्क आहे. जाहिरात म्हणावी तर घेणारे सगळे ओळखीचे. मंजुरी देणारा वाचेल तसे. साचा नामंजूर झाला की पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणे. बँकेकडे यासाठी वेगळा विभाग असतो, पतसंस्थेकडे एक कारकून. स्पॅम रोखायलाच हवा, पण त्याचा भार लहान संस्थांवर इतका टाकायला नको होता.

मराठी साच्याला आणखी एक अडचण आहे. एका संदेशात इंग्रजीची 160 अक्षरे मावतात, देवनागरीची 70. लांब संदेशात तुकड्यामागे 67 च. शिवाय काना, वेलांटी, हलन्त प्रत्येक वेगळे मोजले जाते : ‘विद्यार्थी’ वाचताना तीन अक्षरे, मोजणीत 10. साच्यातल्या एका रिकाम्या जागेची मर्यादा 30, त्यात मुलाचे पूर्ण नाव बसेलच असे नाही. त्यामुळे अनेक शाळांची सूचना अजून रोमन लिपीतल्या मराठीत जाते, आणि ती वाचणे आजी-आजोबांना जड जाते.

ऑक्टोबर 2024 पासून संदेशातल्या लिंकही आधी नोंदवाव्या लागतात. 2025 च्या दुरुस्तीने हेडरच्या शेवटी पी (जाहिरात), एस (सर्व्हिस), टी (ट्रान्झॅक्शनल) किंवा जी (सरकारी) हे अक्षर आले, म्हणजे संदेश कोणत्या वर्गातला हे घेणाऱ्यालाही दिसू लागले.