हर्न हिल व्हेलोड्रोम, लंडन

हर्न हिल व्हेलोड्रोम म्हणजे दक्षिण लंडनमधला सायकल रेसचा ट्रॅक, 1891 साली बांधलेला आणि अजूनही चालू असलेला. व्हेलोड्रोम म्हटलं की टीव्हीवर दिसणारा तो लाकडी, भिंतीसारखा उभा ट्रॅक आठवतो, तसलं इथे काही नाहीये. बर्बेज रोडवर घरांच्या मागच्या बाजूला साधा काँक्रीटचा, साधारण 450 मीटरचा ट्रॅक, डोक्यावर छप्पर नाही आणि वळणावरचा कल जेमतेम 18 अंश, हल्लीच्या 250 मीटरच्या इनडोअर ट्रॅकवर तोच 42 च्या आसपास असतो.

हवेचे टायर नुकतेच आले होते आणि रेस बघायला लोक पैसे मोजायचे, तो हा काळ. जॉर्ज लेसी हिलियर नावाच्या एका जुन्या रेसरने पुढाकार घेऊन हा ट्रॅक उभा केला. लंडनमध्ये तेव्हा पुटनी, कॅटफर्ड, पॅडिंग्टन असे बाकीचेही ट्रॅक होते, ते सगळे एकेक करून गेले, हा राहिला. 1903 पासून गुड फ्रायडेची रेस हे इथलं मोठं आकर्षण. पहिल्या महायुद्धात नौदलाने क्रिस्टल पॅलेस फुटबॉल क्लबचं मैदान घेतलं तेव्हा तो क्लब काही वर्षं इथेच मॅच खेळला, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानं अडवायचे फुगे इथून सोडले जायचे, त्यामुळे ट्रॅकची पार वाट लागलेली.

आणि मग लगेच 1948 चं ऑलिंपिक. खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले तेच हे लंडन ऑलिंपिक. ब्रिटनमध्ये तेव्हा रेशनिंग होतं, नवीन स्टेडियम बांधायला पैसा नव्हता, मग ट्रॅक सायकलिंगसाठी हर्न हिलचीच डागडुजी करून काम भागवलं. भारताचे सायकलपटूही या ऑलिंपिकला होते, त्यात बरीच पारशी नावं दिसतात. यजमान ब्रिटिशांची सगळी आशा रेज हॅरिसवर, 1947 चा हौशी वर्ल्ड चॅम्पियन. पण ऑलिंपिकच्या वर्षीच रस्त्यावरच्या अपघातात त्याचे मणके फ्रॅक्चर झाले, त्यातून उठतोय तोवर रेसमध्ये पडून कोपर मोडलं, वर लंडनला टीमबरोबर राहायला नको म्हणाला म्हणून टीममधून काढलं आणि परत घेतलं! एवढं होऊनही पठ्ठ्या स्प्रिंटच्या फायनलला पोचला आणि इटलीच्या मारिओ घेलाकडून सरळ 2-0 हरला. टँडमच्या, म्हणजे दोघांच्या सायकलच्या फायनलला अॅलन बॅनिस्टर त्याच्या जोडीला होता. कार्यक्रम लांबत गेला, ट्रॅकवर दिवे नाहीत, शेवटची रेस अक्षरशः अंधारात झाली आणि इटलीचे तेरुझी-पेरोना अगदी थोडक्यात जिंकले. ऑलिंपिक फायनल आणि लाइट नाही, आपल्याकडे झालं असतं तर अजून टोमणे ऐकले असते.

ट्रॅक सायकलला ब्रेक नसतो, फ्री व्हीलही नसतं, चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, त्यामुळे नवशिक्याला उभ्या लाकडी ट्रॅकवर चढायची भीती वाटते. हर्न हिलचा कल कमी, शाळेतली पोरंही पहिल्याच दिवशी फेऱ्या मारतात, आणि माझ्या मते हा ट्रॅक टिकला तो ऑलिंपिकपेक्षा यामुळेच. ब्रॅडली विगिन्स बारा वर्षांचा असताना इथेच शिकायला लागला. पुढे त्याने ऑलिंपिकची पाच गोल्ड घेतली आणि 2012 मध्ये टूर द फ्रान्स जिंकणारा तो पहिला ब्रिटिश ठरला.

तरी मधे ट्रॅक जवळपास गेलाच होता. जागा डलिच इस्टेट या तिथल्या ट्रस्टची, 2005 मध्ये लीजचं घोंगडं भिजत पडलं आणि काही महिने रेसिंग बंद. मग ब्रिटिश सायकलिंग या तिथल्या राष्ट्रीय सायकलिंग संघटनेने लीज घेतलं, स्थानिक लोकांनी ट्रॅक वाचवायची मोहीम काढली, 2011 मध्ये नवीन पृष्ठभाग टाकला. जुनं पॅव्हेलियन मोडकळीला आलेलं, त्याच्या जागी 2017 मध्ये नवीन झालं, आणि ते डिझाइन केलं हॉपकिन्स या आर्किटेक्ट फर्मने, ज्यांनी 2012 च्या ऑलिंपिकचा स्ट्रॅटफर्डचा व्हेलोड्रोम केला होता. छप्पर मात्र अजून नाही, पाऊस आला आणि काँक्रीट ओलं झालं की रेस रद्द.