परिषदेतला चुटका आणि विषयातून निघालेला विनोद

परिषदेत पहिल्यांदा बोलायला उभं राहणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: "सुरुवातीला जरा हसव, म्हणजे लोक जागे राहतात." सल्ला खरा आहे, पण अर्धा. सभागृहात पिकणारा हशा दोन अगदी वेगळ्या गोष्टींमुळे पिकतो आणि व्यासपीठावरून दोन्ही सारखेच ऐकू येतात. एक असतो चुटका, बाहेरून आणून भाषणाला चिकटवलेला. दुसरा विषयाच्या पोटातूनच निघालेला विनोद. आपण दोन्हींना विनोदच म्हणतो, आणि गल्लत होते ती तिथेच.

दोन्हींतला फरक ओळखायला तेवढा भाग भाषणातून काढून बघावा. चुटका काढला तर काहीच अडत नाही, उलट दीड मिनिट वाचतं. १२ मिनिटांत शोधनिबंध मांडायचा असतो तेव्हा दीड मिनिट म्हणजे एक अख्खा आलेख. विषयातला विनोद काढला, तर मुद्दाच लंगडा होतो.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण हान्स रोसलिंग यांच्या 'टेड' या व्याख्यानांच्या परिषदेतल्या २००६ सालच्या भाषणातलं आहे. रोसलिंग स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्याचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांपुढे देशांच्या पाच जोड्या ठेवल्या. प्रत्येक जोडीत एका देशातला बालमृत्युदर दुसऱ्याच्या दुप्पट होता. तो देश कोणता, एवढंच ओळखायचं. एक जोडी होती श्रीलंका आणि तुर्कस्तान. विद्यार्थ्यांची सरासरी आली पाचपैकी १.८. रोसलिंग म्हणाले, दोन केळ्यांवर या दोन देशांची नावं लिहून चिंपांझीपुढे ठेवली असती, तर त्याची निम्मी उत्तरं बरोबर आली असती. सभागृह खळखळून हसलं. पण त्या हसण्यात गणित होतं. विद्यार्थ्यांना काहीच माहीत नसतं, तर डोळे मिटून दिलेली उत्तरंही अडीचच्या आसपास गेली असती. त्याहून कमी गुण पडतात, याचा अर्थ डोक्यात चुकीच्या समजुती आधीच घट्ट बसलेल्या आहेत. हाच त्यांच्या भाषणाचा पाया होता, आणि तो त्यांनी चिंपांझीच्या खांद्यावर उभा केला. पुढे त्यांनी हीच चाचणी आपल्या संस्थेतल्या प्राध्यापकांची घेतल्याचं सांगितलं. वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी निवडणारी ही मंडळी चिंपांझींच्या बरोबरीला आली!

विषय काय होता, तर बालमृत्यू. तरीही कुणाला ते हसणं खुपलं नाही, कारण त्याचा रोख मेलेल्या मुलांवर किंवा गरीब देशांवर नव्हता. रोसलिंग हसले ते आपल्याच विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना, म्हणजे सुशिक्षितांच्या खात्रीला. विषय गंभीर असेल तर विनोद करूच नये असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

आता दुसरी बाजू. जून २०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल इथे विज्ञान पत्रकारांच्या जागतिक परिषदेत, दुपारच्या जेवणाच्या वेळी, नोबेल विजेते जीवशास्त्रज्ञ टिम हंट बोलायला उभे राहिले. प्रयोगशाळेत मुली असल्या की प्रेमात पडापडी होते आणि टीका केली की त्या रडतात, अशा अर्थाचं ते बोलले. आपण गमतीत बोललो, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण थोड्याच दिवसांत त्यांना युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधलं मानद प्राध्यापकपद सोडावं लागलं, आणि जगभरातल्या स्त्री शास्त्रज्ञांनी मास्क-चष्मा घातलेले कामावरचे फोटो टाकून त्यांना उत्तर दिलं. त्यांच्या मनात काय होतं यावर पुढे बराच वाद झाला. मला त्या वादात शिरायचं नाही. ते वाक्य त्यांच्या शास्त्रातलं काहीही समजावत नव्हतं, एवढं मात्र दिसतं. काढलं असतं तर काहीच अडलं नसतं.

चुटक्याचं दुखणं फार जवळून पाहिलंय मी. जेवणानंतरचं सत्र होतं. वक्त्यांनी व्हॉट्सॲपवर फिरणारा नवरा-बायकोचा चुटका सांगितला. पुढच्या दोन रांगा हसल्या. माझ्या शेजारी एक तरुण संशोधक बसली होती. तोवर ती भराभर टिपणं घेत होती. तिनं पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि सत्र संपेपर्यंत उघडली नाही. वक्त्यांना ते दिसलं नसणार. त्यांना हशा ऐकू आला होता.

आणखी एक फरक फसल्यावर कळतो. चुटका पडला की सभागृहात शांतता पसरते आणि वक्ता कानकोंडा होतो. श्रोते निरनिराळ्या भाषांचे असतील तर शाब्दिक कोटी हमखास अशी पडते, म्हणून ती मी सरळ टाळायलाच सांगतो. विषयातला विनोद फसला तर कुणाला कळतही नाही. हसू आलं नाही तरी वाक्यातली माहिती पोचलेली असते.

विषयातून निघालेला असा विनोद मी भूजलावरच्या एका परिषदेत ऐकला. एका मुलानं यंत्रानं नोंदवलेल्या विहिरींच्या पाणीपातळीचा आलेख लावला. मध्येच ११ दिवस रेषाच नव्हती. त्यानं त्या रिकाम्या जागेवर लेझरचा ठिपका धरला आणि शांतपणे म्हणाला, "इथे उंदरानं केबल खाल्ली." सगळे हसले. लगेच त्यानं ते दिवस हिशेबातून कसे वगळले आणि त्यामुळे सरासरी किती बदलली, ते सांगितलं. आकड्यांतली उणीव लपवायचा मोह त्या वयात किती होतो! पण एरवी ज्या जागेवर अवघड प्रश्न आले असते, ती त्यानं स्वतःच उघडी करून दाखवली होती.

चहाच्या वेळी त्याच्याभोवती घोळका जमला. निम्म्यांच्या केबल उंदरांनीच खाल्ल्या होत्या. केबल पीव्हीसी पाइपातून घ्यावी की लोखंडी, यावर चर्चा इतकी रंगली की पुढच्या सत्राची घंटा कुणाला ऐकूच आली नाही.