केंद्र-राज्य अधिकारविभागणी आणि खानदेशातील कापूस

संघराज्यात कोणत्या विषयावर केंद्राने कायदे करायचे आणि कोणत्या विषयावर राज्याने, हे भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील तीन सूच्या ठरवतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात ही विभागणी सर्वांत जवळून दिसते ती कपाशीत. शेती, जमीन, पाणी आणि बाजार राज्यसूचीत आहेत. आयात-निर्यात आणि सीमाशुल्क केंद्रसूचीत. कापूस आणि सरकी यांचा व्यापार १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीतील ३३व्या नोंदीत आला, म्हणजे दोघांच्याही कक्षेत. दोन कायद्यांत विसंगती आली तर अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा टिकतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती असेल तर तो त्या राज्यापुरता चालतो, पण संसदेला तोही पुढे बदलता येतो.

या क्षेत्रात महाराष्ट्राने टाकलेले सर्वांत धाडसी पाऊल म्हणजे १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजना. राज्यातला सगळा कापूस सरकारनेच घ्यायचा, असा तिचा गाभा होता. पण राज्याचा अधिकार राज्याच्या हद्दीपर्यंतच. शेजारी भाव चढा असला की कापूस सीमा ओलांडू लागे, आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून मध्य प्रदेशातले खेतिया तर हाकेच्या अंतरावर. निर्यातीची दारे दिल्लीच्या हाती होतीच. तोटा वाढत गेला आणि २००० नंतरच्या काही वर्षांत एकाधिकार संपला.

आजही पेरणीपासून विक्रीपर्यंत दोन्ही सरकारे शेतकऱ्याच्या सोबत असतात. बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, वाणाला मान्यता द्यायची की नाही हे केंद्राची समिती ठरवते. पहिली मान्यता २००२ मध्ये मिळाली. बियाण्याच्या दरासाठी महाराष्ट्राने २००९ मध्ये स्वतःचा कायदा केला, पण २०१५ च्या केंद्रीय आदेशानंतर पाकिटाची कमाल किंमत दिल्लीतून जाहीर होऊ लागली. लवकरच्या लागवडीत गुलाबी बोंडअळी ही कीड फोफावते म्हणून हंगामाआधी बियाणे विकू नये, हे मात्र राज्याचा कृषी विभाग सांगतो. ठिबकवर मे महिन्यातच लागवड करणाऱ्या खानदेशी शेतकऱ्याला हा निर्बंध फार जाचतो.

हमीभाव केंद्र जाहीर करते आणि त्या भावाने खरेदी करते भारतीय कापूस महामंडळ, तेही केंद्राचेच. खरेदी होते भाड्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात. तिथे ट्रॅक्टर लागला की कापसातली ओल मोजतात: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, १२ टक्क्यांवर माल परत. पण विकणाऱ्याच्या हातात सातबारा लागतो आणि त्यावर कपाशीचा पेरा नोंदलेला लागतो. ते दप्तर राज्याच्या महसूल खात्याचे. पीक पाहणीची नोंद राहिली तर केंद्राचा हमीभाव राज्याच्या कागदापाशी अडतो, आणि तोच कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावातच होणाऱ्या खासगी खरेदीत, व्यापारी म्हणेल त्या भावाने जातो.

भावावर सर्वांत मोठा परिणाम होतो तो सीमेवरच्या निर्णयांचा. मार्च २०१२ मध्ये केंद्राने कापसाची निर्यात एकाएकी थांबवली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत बंदी उठवली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले; आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. खानदेशात वेचणी ऐन भरात असते ती याच महिन्यांत.

अशा निर्णयात राज्याला मत नाही. याउलट वस्तू व सेवा कर परिषदेत राज्यांच्या मतांना मिळून दोन-तृतीयांश वजन आहे. अनुच्छेद २६३ खाली १९९० मध्ये स्थापन झालेली आंतरराज्य परिषद मात्र केवळ सल्ला देऊ शकते. पीक बुडाले की मदतीसाठी लोक आधी राज्याकडेच पाहतात. तेव्हा आयातशुल्क हलवण्यापूर्वी कापूस पिकवणाऱ्या राज्यांशी विचारविनिमय बंधनकारक असणे हे संघराज्याच्या तत्त्वाला धरूनच होईल.