मेन बंद, तरी टेस्टर पेटतो

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतली गोष्ट. गेल्या पावसाळ्यात एका पॅनेलचा, म्हणजे यंत्राच्या वीजपेटीचा, मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) ओढला, हँडलला कुलूप घातलं, दारावरचे तिन्ही दिवे विझले. वायरमननं सवयीनं टर्मिनलवर टेस्टर टेकवला आणि तो पेटला. शेजारच्या पॅनेलमधून इंटरलॉकसाठी (एका यंत्राचं चालणं दुसऱ्याशी बांधण्यासाठी) आलेली 110 व्होल्टची तार होती ती, पिवळी.

आपल्या जुन्या नियमांत हा प्रकार फारसा गृहीतच नव्हता. भारतीय वीज नियम, 1956 मधला नियम 50 सांगायचा, की पुरवठा सुरू होतो तिथे लिंक्ड स्विच (सगळ्या फेज एकदम तोडणारा) किंवा सर्किट ब्रेकर हवा आणि प्रत्येक मोटरजवळ, चालवणाऱ्याच्या हाताशी, आणखी एक. एक फीडर (वीज आणणारी लाइन), एक मोटर, सरळ हिशेब. 2010 साली केंद्रीय वीज प्राधिकरणाचे विनियम आले, त्यांतही ही तरतूद राहिली.

मधल्या काळात पॅनेल मात्र बदललं. लाइट जाते म्हणून जनरेटर आला, पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) बंद पडू नये म्हणून बॅटरीवरचा यूपीएस आला, आणि यंत्रं एकमेकांशी 'बोलायला' लागली. एका पेटीत तीन-चार वाटांनी वीज शिरू लागली.

अमेरिकेच्या विद्युत संहितेत, मोटरच्या कलम 430 मध्ये, दोन ठिकाणांहून वीज येत असेल तर प्रत्येकीचा स्विच यंत्राला लागूनच मागितला जातो. कंट्रोल पॅनेलसाठी वेगळं कलम, 409, तिथे 2005 च्या आवृत्तीत आलं. आयईसी 60204-1 हे आंतरराष्ट्रीय मानक यंत्रांच्या विजेबद्दलचं. प्रत्येक पुरवठ्याला त्याचा स्वतःचा स्विच, असं ते सांगतं. देखभालीचा दिवा, प्लग, दुसऱ्या यंत्राचं इंटरलॉक अशा काही सर्किटांना मात्र मेनबरोबर बंद होण्यातून ते सूट देतं. कामाच्या माणसाला दिवा लागतोच, म्हणून सूट रास्त आहे. पण सूट घेतली की इशाऱ्याची पाटी लागते, आणि अशा तारा रंगानं ओळखायच्या तर रंग नारिंगी.

गोम रंगातच होती. जुन्या अमेरिकन यंत्रांत बाहेरून आलेल्या इंटरलॉकची तार पिवळी असे. आपल्याकडे लाल-पिवळा-निळा म्हणजे तीन फेज, त्यामुळे पिवळी दिसली की वाय फेज, आणि मेन पडला की ती मेली, असंच डोकं चालतं. कुंडईचं ते शेजारचं यंत्र जुनं अमेरिकन होतं. दुसऱ्या दिवशी त्या तारेवर दोन्ही टोकांना नारिंगी स्लीव्ह चढली, आणि दारावर मराठीत पाटी: 'मेन बंद केला तरी आत वीज आहे. पॅनेल दोनचा स्विचही पाडा.'