गुलाबावरील कीड व रोग : निदान

बागेतील गुलाबाची पाने, कळ्या व फांद्या यांवरील लक्षणांवरून त्यांमागील कीड, कवक, विषाणू किंवा पोषणदोष ओळखणे. लक्षण पानाच्या कोणत्या बाजूस आहे, पान जून आहे की कोवळे आणि डागाची कड कशी आहे, या बाबी डागाच्या रंगापेक्षा अधिक भरवशाच्या असतात.

काळे ठिपके (डिप्लोकार्पॉन रोझी) हा सर्वांत परिचित रोग होय. ठिपके बहुधा पानाच्या वरच्या बाजूस, गोलसर व सुमारे २ ते १२ मिमी. व्यासाचे असतात, कवकतंतू अरीय दिशेने (मध्यापासून बाहेरच्या बाजूस) पसरत असल्याने त्यांची कड झालरीसारखी दिसते. भोवतालचा भाग पिवळा पडून पाने गळतात व गळ खालून वर सरकते. संसर्गासाठी पान सलग सुमारे ७ तास ओले राहावे लागते. या कवकाची पहिली नोंद कवकशास्त्रज्ञ फ्रीस यांनी १८१५ मध्ये स्वीडनमधून केली, असे सामान्यतः मानतात. तथापि मारी-आन लिबेर यांनी १८२७ च्या सुमारास केलेले वर्णन प्रमाण धरणे अधिक योग्य वाटते. त्याची लैंगिक अवस्था वुल्फ यांनी १९१२ मध्ये उजेडात आणली.

केवडा रोगाची (पेरोनोस्पोरा स्पार्सा) काळ्या ठिपक्यांशी गल्लत होते. त्याचे डाग जांभळट असून शिरांनी अडवल्यामुळे कोनयुक्त असतात. खालची करडी वाढ इतकी विरळ असते की, भिंगाशिवाय सहसा दिसत नाही. सर्कोस्पोरा या कवकाच्या डागाची कड रेखीव व मध्य करडा असतो. भुरी (पांढऱ्या पिठासारखी कवकाची वाढ) कोवळ्या पानांवर व कळ्यांवर येते. पान ओले नसतानाही ती वाढते. तांबेऱ्याच्या नारिंगी पुळ्या पानाखाली असतात.

किडींपैकी मावा कोवळ्या शेंड्यांवर उघड दिसतो. फुलकिड्यांमुळे पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात व कळ्या नीट उमलत नाहीत. लाल कोळीमुळे पानावर बारीक फिकट ठिपके पडतात. पान पांढऱ्या कागदावर झटकल्यास सूक्ष्म कोळी चालताना दिसतात. कोवळी पाने पिवळी व शिरा मात्र हिरव्या असल्यास लोहाची कमतरता संभवते. पानांच्या कडेचे अर्धगोल, स्वच्छ काप पानकापी मधमाशीचे असतात. अशा कापांसाठी फवारणी करू नये.

रोझ रोझेट या रोगाच्या कारणाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. १९४० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतून त्याची नोंद झाली. लालसर दाट झुबके व फांदीवर असाधारण संख्येने येणारे मऊ काटे ही त्याची लक्षणे. फायलोकॉप्टीस फ्रुक्टिफिलस या अतिसूक्ष्म कोळीमार्फत होणारा प्रसार मान्य झाल्यावरही कारक घटक संदिग्धच राहिला. २०११ मध्ये एमाराव्हायरस प्रजातीतील विषाणूचे वर्णन झाले व आता तोच कारक मानला जातो. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या इजेनेही असेच झुबके येतात, मात्र त्यांत काट्यांची अतिवाढ नसते. केवळ लालसर पालवीवरून निदान करणे धोक्याचे आहे, कारण अनेक वाणांची निरोगी पालवीही लालच असते.

छाटलेल्या टोकाकडून खाली काळी पडत जाणारी फांदी शेंडेमर दर्शविते, तर बुंध्यालगतची खडबडीत गाठ अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जीवाणूमुळे होते.