मेंदूतलं दोन किल्ल्यांचं कुलूप

मागच्या आठवड्यात मावसभावाने एक जाहिरात फॉरवर्ड केली. दोन दिवसांत मुलाचा मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेट करून देणार, मग ते डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणार आणि एकदा वाचलेलं कधीच विसरणार नाही. खाली त्याचा प्रश्न, "दादा, घालू का पोराला?" घालू नकोस, म्हणून लगेच कळवलं. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू, तो जन्मापासून चालूच असतो, आपलं जागं राहणं आणि डोळ्यांची हालचाल यात त्याचा मोठा वाटा आहे, तो बंद पडला तर माणूस बेशुद्ध होईल. पट्टी बांधलेली मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघून वाचतात, आणि ते लपवायला मोठी माणसंच त्यांना शिकवतात, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

पण भावाची अडचण खरी होती. पोरगं धडा तीन-तीनदा वाचतं, पेपरात मात्र काही आठवत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपण स्मरणशक्ती म्हणतो तेव्हा एकच कसलीतरी शक्ती डोळ्यांसमोर असते, कुणाला कमी कुणाला जास्त. तसं नसतं हे एका माणसामुळे फार स्पष्ट झालं. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाचं फिट्स थांबाव्यात म्हणून ऑपरेशन झालं, त्यात मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा बराचसा तुकडा काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहायचंच बंद झालं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषेची चांदणी, दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे न बघता आरशात बघून. करून बघा, कोपरा आला की हात हमखास उलट्या दिशेला जातो. हेन्रीच्याही आधी खूप चुका झाल्या, मग तीन दिवसांत त्याचा हात छान बसला, आणि तरी दर दिवशी त्याच्या मते तो हे पहिल्यांदाच करत होता! हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं. म्हणजे सायकल चालवण्यासारख्या कौशल्यांची आठवण वेगळी, आणि काल काय झालं, धड्यात काय होतं याची वेगळी, आणि ही दुसरी तयार व्हायला हिप्पोकॅम्पस लागतो.

आता तयार होते म्हणजे नेमकं काय होतं? हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, थोडा धीर धरून वाचा.

मेंदूतल्या दोन पेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या जोडणीला सिनॅप्स म्हणतात, तिथे साधारण २० नॅनोमीटरची फट असते. पहिली पेशी फटीत ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते, ते पलीकडच्या पेशीच्या दारांवर जाऊन बसतं. दारं दोन प्रकारची. एक आम्पा, ग्लुटामेट आलं की लगेच उघडतं, सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत शिरतात आणि पेशी थोडी उत्तेजित होते. दुसरं एनएमडीए, आणि खरी गंमत इथे आहे, कारण त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा अडकलेला असतो. नुसतं ग्लुटामेट येऊन भागत नाही, बूच तसंच राहतं. पलीकडची पेशी त्याच वेळी आधीच पुरेशी उत्तेजित असेल तरच आतला विद्युतदाब बदलतो, मॅग्नेशियम बाहेर ढकललं जातं आणि कॅल्शियम आत येतं. बँकेच्या लॉकरसारखं, दोन किल्ल्या एकाच वेळी लागल्या तरच उघडणार. म्हणजे एवढासा एक रेणू "या दोन गोष्टी एकदम घडल्या" हे ओळखतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

कॅल्शियम आत आलं की त्या जागी आणखी आम्पा दारं बसवली जातात, म्हणजे पुढच्या वेळी तेवढ्याच निरोपाला पेशी जास्त जोरात प्रतिसाद देते. जोडणी पक्की व्हायची ही सुरुवात. टिकाऊ काम नंतर होतं, त्यासाठी जनुकं चालू होऊन नवीन प्रथिनं बनावी लागतात आणि त्याला काही तास जातात. जोडण्या अशा बळकट होतात हे ब्लिस आणि ल्योमो यांनी सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मोजून १९७३ साली प्रसिद्ध केलं. पुढे १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांची एनएमडीए दारं औषधाने बंद केली, तर गढूळ पाण्याखाली लपवलेली उभं राहायची जागा त्यांना धड शिकता येईना.

दोन किल्ल्यांचं हे कुलूप लक्षात घेतलं की रोजच्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागतो. एखादा वास आला की लहानपणचं घर आठवतं, कारण वास आणि घर कधीतरी एकत्र घडलेले असतात. नवीन माहिती आधीच्या ओळखीच्या गोष्टीला जोडली तर टिकते, एकटीच कोंबली तर निसटते. आणि आपल्या भाषेने तर हे शब्दातच सांगून ठेवलंय, आपण "लक्षात" ठेवतो. लक्षच नसेल तर ठेवणार कुठे? फोनवर बोलता बोलता किल्ली कुठेतरी ठेवली आणि नंतर घरभर शोधली, यात बहुतेक वेळा विसरलेलं काही नसतं, मुळात नोंदच झालेली नसते. ठेवताना एक क्षण थांबून "फ्रीजवर ठेवली" असं तोंडाने म्हणा, फरक पडतो.

आता भावाच्या पोराचं. तो पुन्हा पुन्हा वाचतो, वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असं त्याला वाटतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली हे तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा दुसऱ्यांदा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र उलटं झालं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. आठवायला जो त्रास होतो तोच कामाचा असतो, घोकंपट्टीत तो त्रासच नसतो.

प्रथिनं बनायला वेळ लागतो, बहुधा त्यामुळेही एका रात्रीत दहा वेळा करण्यापेक्षा आज, परवा, मग आठवड्याने अशी उजळणी जास्त टिकते. आणि झोप अजिबात कापू नका. उंदीर एखाद्या जागी फिरताना मेंदूतल्या ज्या पेशी एकत्र चालू होतात, त्याच ते झोपल्यावर पुन्हा एकत्र चालू होतात हे १९९४ मध्ये दिसलंय, रात्रभर जागून अभ्यास म्हणजे पक्कं व्हायची वेळच काढून घेणं. व्यायामही चांगला. मेंदूच्या गेम्सनी त्या गेममधला स्कोअर वाढतो, बाकी स्मरणशक्ती वाढते असं समजू नका, अशाच दाव्यांवरून अमेरिकेत २०१६ साली एका कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. ताईत आणि मंतरलेल्या दोऱ्यांनी तर काहीच होत नाही.

भावाला एवढंच करायला सांगितलं, धडा एकदा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. पहिल्या दिवशी पोराचा कागद जवळजवळ सगळा लाल झाला आणि तो रडवेला झाला, तेव्हा त्याला फोनवर मॅग्नेशियमच्या बुचाची गोष्ट सांगितली. परवा त्याने त्याच धड्याचा दुसरा कागद पाठवला, लाल शाई तीनच ओळींना होती.